जुन्या पोत्यांची घमेली: रिसायकल पीपीच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

कुपवाड एमआयडीसीतल्या शेडमध्ये आजपासून काम सुरू. सांगली-मिरज भागात पशुखाद्याची, साखरेची आणि खताची विणलेली प्लास्टिकची पोती भंगारात येतात. ती वितळवून त्यांचा दाणा, म्हणजे प्लास्टिकचे बारीक तुकडे, करायचा आणि त्याच दाण्यातून बांधकामावरची घमेली काढायची, असा बेत आहे. नुसता दाणा विकून थांबायचं नाही, हे पहिल्या बैठकीतच ठरलं. दाणा भरून गाडी गेली की पुढे त्याचं काय झालं ते कळत नाही. घमेलं फुटलं तर गवंडी दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. मला तो गवंडी दारात यायला हवा आहे.

आपल्याकडे शेतकरी पोतं सहजासहजी टाकत नाही. आधी त्यात धान्य भरतो, मग चार-सहा पोती उसवून तळवट शिवतो, पावसात डोक्यावर खोळ घेतो, शेवटी गोठ्याला आडोसा म्हणून बांधतो. भंगारवाल्याकडे येतं ते एवढं सगळं सोसून. आणि जे येत नाही ते बांधावर पेटवलं जातं, नाहीतर नांगराखाली जाऊन त्याचे धागे मातीत मिसळतात. मिरजेच्या बाजूला ऊस तुटल्यावर रिकाम्या वावरातून चालताना हे धागे पायात येतात. ते बघवत नाही म्हणून हे काम हातात घेतलं आहे.

९ जानेवारी

नव्या मुलांना माल समजावून सांगितला. ते इथे लिहून ठेवते.

पॉलिप्रोपिलीन म्हणजे बाजारातलं पीपी. वस्तूच्या बुडाला त्रिकोणात ५ असतो. घनता ०.९० ते ०.९१, म्हणजे पाण्यावर तरंगतं. १६० ते १६५ अंशांना वितळतं. १९५४ मध्ये इटलीत रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नात्ता यांनी प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळीतले सगळे मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) एकाच बाजूला ओळीने बसवून दाखवले. त्या शिस्तीमुळे साखळ्या घट्ट रचल्या जातात, स्फटिक बनतात आणि वितळबिंदू एवढा वर जातो. १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कार्ल झीग्लर यांच्याबरोबर मिळालं. आम्हाला याचा रोजचा उपयोग असा की हा माल कढत पाण्यात निर्धास्त धुता येतो. तेलकट पेंडेची पोती गार पाण्यात निघत नाहीत.

त्याच रचनेत दुखरी जागाही आहे. साखळीतल्या प्रत्येक दुसऱ्या कार्बनला एक मिथाइल गट लटकलेला असतो आणि त्या सांध्यावरचा हायड्रोजन सहज निघून जातो. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तिथे घाव घालतात. साखळी तुटते, आखूड होते. पॉलिथिलीनच्या साखळ्या तुटतात तशा एकमेकींना जोडल्याही जातात. पीपीत मात्र तुटणंच जास्त. म्हणून प्रत्येक वेळी वितळवलं की ते पातळ होत जातं.

मुलांना सगळ्यात नवल वाटलं ते पट्टीच्या बळाचं. पोत्याची पट्टी आधी फिल्म म्हणून काढतात, चिरतात आणि गरम करून पाच-सहा पट ताणतात. साखळ्या एका दिशेने उभ्या राहतात आणि पट्टी हाताने तुटत नाही. पण वितळवली की हे सगळं बळ गेलं. पोतं मजबूत होतं म्हणून घमेलं मजबूत होईल, असं धरून चालता येणार नाही.

१५ जानेवारी

निवडणीचं टेबल लागलं. चार मावश्या आल्या, चौघींनीही आधी भंगाराच्या दुकानात काम केलेलं. मी जे पुस्तकातून शिकले त्यातलं निम्मं त्यांच्या बोटांत आहे.

पोत्याचं तोंड सुती दोऱ्याने शिवलेलं असतं. हा दोरा मशीनमध्ये गेला तर वितळत नाही, जळतो आणि वितळलेला माल गाळणाऱ्या जाळीवर काळा थर धरतो. कातरीने कापला तर त्याचे तुकडे पोत्यालाच चिकटून राहतात. एका मावशीने पोतं आडवं धरलं, शिवणीच्या उजव्या टोकाची गाठ नखाने मोकळी केली, दोन धाग्यांतला एक ओढला आणि सगळी शिवण सर्रकन निघाली. साखळी टाका आहे तो. एका बाजूने ओढला तर उलगडतो, दुसऱ्या बाजूने आवळतो. "ताई, सरळ बाजू कुठली ते बघून वढायचं, मग दोरा अख्खा हातात येतोय," त्या म्हणाल्या. आता सगळ्या पोत्यांचे दोरे असेच काढायचे.

दुसरी परीक्षा चुरगळण्याची. पोत्याचा कोपरा दोन बोटांत धरून चोळायचा. चांगलं पोतं मऊ राहतं. उन्हात वर्षभर पडलेल्याची पांढरी भुकटी बोटांना लागते. अशी पोती वेगळ्या ढिगात. पाहायला ती चांगल्यासारखीच पांढरी असतात, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबायचं नाही.

१८ जानेवारी

खताच्या पोत्यांचा निर्णय. आतल्या पातळ पिशव्या पॉलिथिलीनच्या असतात. त्याही पाण्यावर तरंगतात, म्हणजे टाकीत वेगळ्या होणार नाहीत. त्या हातानेच काढायच्या. काही जुनी पोतीही पीपीची नसून एचडीपीईची, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिलीनची निघाली. ती ओळखायला साधा उपाय केला. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं आणि द्रवाची घनता ०.९३ येईपर्यंत त्यात पाणी मिसळलं. पट्टीचा तुकडा ओला करून, बुडबुडे झटकून त्यात टाकला की पीपी वर येतं, एचडीपीई तळाला बसतं. काचेची बरणी टेबलावरच ठेवली आहे.

पीपी आणि पॉलिथिलीन वितळवून एकत्र केले तरी एकजीव होत नाहीत. थोडंसं पॉलिथिलीन चालून जातं. जास्त झालं की वस्तू मोडल्यावर आत पापुद्रे दिसतात.

आणखी एक गोष्ट आजच ठरवून टाकली. घमेलं बांधकामासाठी काढलं तरी गावात ते गोठ्यात जाणार, त्यात भरडा कालवला जाणार. म्हणून खताची पोती या मालात घालायचीच नाहीत. त्यांचा लॉट वेगळा, त्याची वस्तू वेगळी. कीटकनाशकाचा वास असलेलं एकही पोतं आवारात घ्यायचं नाही.

२४ जानेवारी

धुलाई. कापलेली पोती आधी गार पाण्यात, मग ६५ अंशांच्या पाण्यात कॉस्टिक सोडा घालून, मग दोन स्वच्छ पाणी. माती आणि वाळू तळाला, पीपी वर. पशुखाद्याच्या पोत्यांतली मळी लगेच सुटते, पेंडेचं तेल सुटायला वेळ लागतो.

धुण्याच्या पाण्यात पट्टीचे बारीक तुस जातात. ते नाल्यात सोडले तर वावरातलं प्लास्टिक उचलून ओढ्यात टाकल्यासारखं होईल. गाळ बसवायच्या सेटलिंग टाकीपुढे बारीक जाळीची गाळणी बसवली. रोज संध्याकाळी ती साफ करून गाळ वाळवायचा. हे काम कुणाच्या तरी नावावर असलं पाहिजे, नाहीतर गाळणी तुंबते आणि कुणीतरी ती काढूनच ठेवतं.

३० जानेवारी

एका व्यापाऱ्याने साखरेच्या पोत्यांच्या गाठीत मधोमध सिमेंटची पोती घातली होती. सिमेंटची धूळ कटरची पाती आणि स्क्रू दोन्ही खाते. गाठ परत पाठवली. यापुढे गाठ फोडून पाहिल्याशिवाय वजनकाट्यावर घ्यायची नाही.

५ फेब्रुवारी

दाणा काढायला सुरुवात. धुतलेला, वाळलेला माल इतका हलका असतो की तो हॉपरमधून, म्हणजे मशीनच्या नरसाळ्यातून खाली उतरतच नाही, पूल धरून बसतो. म्हणून आधी अ‍ॅग्लो मशीन. मोठ्या पिंपात खाली पाती फिरतात, घर्षणाने माल तापतो, मऊ पडतो, आवाज बदलतो. मिस्त्री त्या आवाजाकडे कान लावून उभे असतात. नेमक्या क्षणी पाण्याचा मग मारतात. वाफेचा लोट येतो आणि कापसासारखा माल आखडून त्याचे टपोरे गोळे होतात. पाण्याचा मग लवकर मारला तर माल सैलच राहतो. उशीर झाला तर सगळ्याचा एकच ढेकूळ होऊन पाती अडकतात.

पुढे एक्स्ट्रूडर, माल वितळवून स्क्रूने पुढे ढकलणारं मशीन. त्याच्या नळीचं, म्हणजे बॅरलचं तापमान १९० पासून वाढवत डायजवळ, माल बाहेर पडतो त्या तोंडाशी, २१५. व्हेंटवर व्हॅक्यूम, कारण शाईतून आणि ओलीतून वायू निघतो. पुढे जाळ्यांचा थर. वितळलेल्या दोऱ्या पाण्याच्या कुंडातून कटरपर्यंत जातात आणि दाणे पडतात. हातात घेतलेला पहिला दाणा मळकट पांढरा होता. मधोमध चिरला, आत पोकळी नव्हती. ओल राहिली असती तर दाणा आतून पोकळ निघाला असता.

दोरा नीट काढलेल्या मालावर जाळी सबंध पाळी टिकली. तुलनेसाठी दोऱ्यासकट चालवलेल्या थोड्या मालावर काही वेळातच दाब चढला, जाळी काढली तर काळी कुळकुळीत.

११ फेब्रुवारी

आजची नोंद या सगळ्या कामातली महत्त्वाची आहे.

मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे एमएफआय मोजला. २३० अंशांवर वितळलेला माल २.१६ किलोच्या वजनाखाली २.०९५ मिलिमीटरच्या छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम उतरतो, तो आकडा. साखळ्या लांब असतील तर माल घट्ट, आकडा लहान. तुटलेल्या असतील तर माल पातळ, आकडा मोठा. पोत्याचा मूळ ग्रेड साधारण ३ चा असतो.

चांगल्या ढिगाचा दाणा ६ च्या जरा खाली निघाला. चोळल्यावर भुकटी होणाऱ्या ढिगाचा वेगळा दाणा काढला होता. त्याचा आकडा १४ च्या वर गेला. वजन ठेवल्या ठेवल्या छिद्रातून धार लागली, सुरीने तुकडे कापायलाही उसंत मिळेना. दोन्ही ढीग एकाच दिवशी, एकाच मशीनवर, एकाच तापमानाला चालवलेले. फरक फक्त मावश्यांच्या दोन बोटांनी केला होता. मावश्यांना बोलावून दोन्ही धारा दाखवल्या.

यातली चांगली बाजू अशी. इंजेक्शन मोल्डिंगला ३ चा माल फार घट्ट पडतो, साच्याच्या कडेपर्यंत पोचत नाही. तिथे ८ ते १२ लागतो. मोठे कारखाने नव्या मालात मुद्दाम पेरॉक्साइड घालून साखळ्या तोडतात आणि आकडा वाढवतात. आपल्या पोत्यांचा आकडा प्रक्रियेतच वाढतो आहे. म्हणजे हा माल पुन्हा पोतं व्हायच्या लायकीचा उरलेला नसला तरी साच्यात जायला जवळजवळ तयार आहे. त्याला मागे ढकलण्यात पैसे घालवायचे नाहीत. फक्त ही तुटातूट आपल्याला हवी तिथे थांबली पाहिजे. त्यासाठी अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनचा घाव रोखणारं रसायन, ०.१५ टक्के घालायचं ठरलं.

१७ फेब्रुवारी

राखेची चाचणी. पोतं विणणारे पट्टीत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आमच्या बोलण्यातला चुना, घालतात: माल स्वस्त पडतो, पट्टी घसरत नाही, छपाई बसते. किती घालतात ते पोत्यागणिक वेगळं. दाणा भट्टीत जाळून राख तोलली. साखरेच्या पोत्यांत कमी, पशुखाद्याच्या काही पोत्यांत बरीच जास्त. रोजच्या कामाला सोपी खूण: भरीव दाणा पाण्यात टाकायचा. वजनाने साधारण १५ टक्क्यांच्या पुढे चुना असेल तर दाणा बुडतो. बुडणाऱ्या दाण्याचा लॉट एकटा वापरायचा नाही.

२५ फेब्रुवारी

साच्यावर पहिली घमेली. दोन तक्रारी. अंगावर चंदेरी रेघा आल्या: पीपी स्वतः पाणी पीत नाही, पण चुन्याच्या कणांपाशी ओल राहते आणि साच्यात तिची वाफ होते. दाणा ८० अंशांवर दोन तास सुकवल्यावर रेघा गेल्या.

दुसरी तक्रार मोठी. सकाळच्या गारठ्यात ओल्या वाळूने भरलेलं घमेलं छातीच्या उंचीवरून फरशीवर टाकलं, तर बुडापासून कडेपर्यंत तडा गेला. दुपारी तसंच घमेलं टिकत होतं. पोत्याचं पीपी हे होमोपॉलिमर, म्हणजे एकाच घटकाच्या साखळीचं. ताठ असतं, पण शून्य अंशाकडे जाता जाता काचेसारखं वागू लागतं, आणि त्यात साखळ्या आखूड झालेल्या. सांगलीत शून्य येत नाही, पण पहाटेचे १२-१३ अंश येतात आणि स्लॅबचं काम पहाटेच सुरू होतं. असं घमेलं बाहेर द्यायचं नाही.

४ मार्च

उपाय म्हणजे कोपॉलिमर, भंगारात ज्याला पीपीसीपी म्हणतात. त्यात रबरासारखे बारीक कण पसरलेले असतात. धक्का बसला की ते तडा पुढे जाऊ देत नाहीत. ओळखायची खूण: पट्टी दुमडली की घडीवर पांढरं पडतं, पण मोडत नाही.

पीपीसीपी स्वस्तात मिळण्याच्या दोन जागा. एक, गाडीच्या जुन्या बॅटऱ्यांची खोकी. माल उत्तम, पण त्यांना शिसं आणि आम्ल लागलेलं असतं. ती धुणं हे वेगळ्या परवानगीचं, वेगळ्या सोयीचं काम आहे. शिसं ज्या टाकीत उतरेल त्या टाकीशेजारी मावश्या बसणार, तयार घमेली गोठ्यात जाणार. त्यामुळे बॅटरीची खोकी नकोत, भाव कितीही कमी असला तरी. दुसरी जागा रंगाचे वीस लिटरचे डबे. बांधकामावर ते ढिगाने मिळतात. आतला वाळलेला रंग सालीसारखा निघतो, लोखंडी कडी काढून टाकायची. हेच घ्यायचं.

१२ मार्च

पोत्याच्या दाण्यात डब्यांचा चुरा तीस टक्के. मिश्रणाचा एमएफआय ९. घमेली बर्फाच्या पाण्यात ठेवून लगेच वाळूने भरून टाकली. बूड चेपलं, कड वाकडी झाली, तडा नाही. मिस्त्रींनी एक घमेलं उलटं करून त्यावर उड्या मारल्या. ते परत वर आलं. वीस टक्क्यांवर अजून बारीक चिरा दिसतात. तीस कायम.

काळा मास्टरबॅच, म्हणजे काजळी दाटून भरलेला रंगाचा दाणा, अडीच टक्के. यात रंग झाकण्याचा हेतू दुय्यम. काजळीचे बारीक कण अतिनील किरण शोषून घेतात आणि घमेलं दिवसभर उन्हातच असतं. त्याची एक किंमत आहे: मोठ्या वर्गीकरण यंत्रांच्या इन्फ्रारेड डोळ्यांना काळं प्लास्टिक ओळखता येत नाही. आपल्याकडे निवडणी हाताने होते आणि घमेलं ही ओळखीची वस्तू आहे, शिवाय बुडावर ५ आणि पीपी ठळक उठवलं आहे. म्हणून काळा रंग स्वीकारला.

२० मार्च

वास. पेंडेच्या तेलाचा खवट वास दाण्यात थोडा राहतोच, कारण पीपी तेलकट रेणू आत ओढून घेतं. गरम हवा काही तास दाण्यातून फिरवली की बराच कमी होतो. अमेरिकेत ओहायोतल्या आयरनटन इथे पीपी द्रावकात विरघळवून रंग-वास काढण्याचा कारखाना उभा आहे. ते आपल्या आवाक्यातलं नाही आणि घमेल्याला तेवढी गरजही नाही. मात्र याच कारणाने आपल्या दाण्याचे जेवणाचे डबे कुणी करू नयेत. चौकशी आली होती, नाही म्हणून कळवलं.

२८ मार्च

कागदपत्रं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे. केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर प्रक्रियादार म्हणून नोंदणीचं काम चालू. फेब्रुवारी २०२२ च्या ईपीआर (वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणाऱ्या) मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे २०२५-२६ पासून कडक वेष्टनात तीस टक्के रिसायकल प्लास्टिक वापरायचं आहे आणि २०२८-२९ पर्यंत ते साठ टक्क्यांवर न्यायचं आहे. रंगाचे डबे यातच येतात. म्हणजे ज्या डब्यांचा चुरा आज आम्ही सहज घेतो, त्याला उद्या डबे बनवणारेच गिऱ्हाईक होतील आणि भाव चढेल. पर्याय म्हणून जुन्या खुर्च्या आणि मोटारींचे बंपर तपासायला घेतले. बंपरवरचा रंग निघत नाही, तो मागे ठेवला.

९ एप्रिल

पहिली खेप मिरज रस्त्यावरच्या एका बांधकामावर दिली होती, आज जाऊन पाहिलं. घमेली सिमेंटने माखलेली, पण शाबूत. माल वाहणाऱ्या बायकांनी एक गोष्ट सांगितली जी कुठल्याच चाचणीत आली नव्हती: कडेची आतली धार बोटांना लागते. "लोखंडी घमेल्यापेक्षा हलकं हाय ताई, पण धरायला गोल करा." खरंच आहे. साच्याच्या कडेला दीड मिलिमीटरची गोलाई द्यायला टूलरूमला सांगितलं. एका पाळीत किती वेळा हे घमेलं उचललं जातं ते पाहिल्यावर ही दुरुस्ती पुढच्या खेपेवर ढकलणं शक्यच नव्हतं.

२२ एप्रिल

खताच्या पोत्यांच्या वेगळ्या लॉटमधून सुतळी काढणाऱ्याला नमुना दिला. त्याला पट्टी पुन्हा ताणायची असते, म्हणून एमएफआय ५ च्या आतच हवा. आपला माल त्याला जमला नाही. रोपवाटिकेच्या ट्रेसाठी मात्र जमेल. तिथे ताण कमी, भिंत पातळ, पातळ वाहणारा माल फायद्याचा. उन्हाने भुकटी झालेल्या ढिगाचं पुढे काय, हेही त्यातच पाहायचं: थोड्या प्रमाणात, काळ्या ट्रेमध्ये, नव्या अँटिऑक्सिडंटसह. नाही जमलं तर तो ढीग सिमेंट कारखान्याच्या भट्टीला.

निवडणीचा मोबदला किलोवर होता, तो आजपासून रोजावर केला. किलोवर असला की हात पळतो आणि चोळून बघणं राहून जातं. हिशेब मांडला तेव्हा वाढीव रोज जाळ्या, पाती आणि परत आलेला माल यांच्या बचतीतून भरून निघतो. मालकांनी सही केली.

पावसाळ्याआधी करायचं: शेडच्या उत्तरेला पत्रा घालून पोत्यांच्या गाठी आत घेणं. एप्रिल-मेचं ऊन आवारातल्या चांगल्या मालाचाही चुरा करतं आहे. बाहेरच्या थरातली पोती परवा चोळून पाहिली, बोटांना भुकटी लागू लागली आहे. तोवर वरून काळी ताडपत्री. पत्र्याचं काम १५ मेपर्यंत.